खरे छापले, पण सिद्ध कसे करायचे? महाराज अब्रुनुकसानी खटला, मुंबई १८६२

वृत्तपत्रावर अब्रुनुकसानीचा दावा दाखल झाला की संपादकाच्या तोंडून पहिले वाक्य बहुधा एकच निघते : आम्ही छापले ते खरे आहे. न्यायालयात एवढ्याने भागत नाही. तेच वाक्य कैफियतीत, म्हणजे न्यायालयाला द्यायच्या लेखी उत्तरात, मांडावे लागते, ते सिद्ध करण्याचा भार स्वतःच्या शिरावर घ्यावा लागतो आणि मग उलटतपासणीत टिकतील अशा साक्षीदारांच्या तोंडून ते न्यायाधीशांना पटवावे लागते. आपल्याकडच्या वृत्तपत्रसृष्टीत हे सगळे टप्पे पार करून सत्यतेच्या बचावावर जिंकलेला पहिला मोठा दावा म्हणजे मुंबईच्या सुप्रीम कोर्टात २२ एप्रिल १८६२ रोजी निकालात निघालेला महाराज अब्रुनुकसानी खटला. समाजसुधारणेच्या इतिहासात त्याचा उल्लेख नेहमी येतो आणि ‘महाराज’ म्हणवणाऱ्या वैष्णव धर्मगुरूंवर अनैतिक आचरणाचे आरोप छापणारे गुजराती साप्ताहिकाचे संपादक करसनदास मुळजी यांच्या धैर्याचे कौतुकही यथायोग्य होते. परंतु हा दावा नेमका कशाच्या बळावर जिंकला गेला, हे पाहायचे असेल तर धैर्यापाशी न थांबता कैफियत, साक्षीदार आणि निकालपत्र इथवर जावे लागते. माझ्या मते या प्रकरणाचे खरे मोल तिथे आहे.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईतील भाटिया, बनिया आणि लोहाणा व्यापारी समाजाचा मोठा भाग पुष्टिमार्गी वैष्णव संप्रदायाचा अनुयायी होता. संप्रदायाचे प्रवर्तक वल्लभाचार्य यांच्या वंशातील आचार्यांना अनुयायी ‘महाराज’ म्हणत आणि त्यांना कृष्णाचे अंश मानत. कापूस, कापड अशा मालाच्या व्यापारावर महाराजांसाठी ठरावीक ‘लागा’, म्हणजे एक प्रकारची पट्टी, काढली जाई, त्यामुळे त्यांच्याभोवतीची सत्ता केवळ श्रद्धेची नव्हती. तिच्यात पैसा होता, जातपंचायतीचा धाक होता आणि पेढीवरची पतही गुंतलेली होती. महाराजांना साक्षीसाठी न्यायालयात खेचले जाऊ नये म्हणून १८५८ च्या सुमारास अनुयायांकडून एका लेखावर सह्या घेण्यात आल्या. त्या लेखाला सुधारकांनी ‘गुलामीखत’ असे नाव दिले आणि ते नाव रूढ झाले.

करसनदास मुळजी हे याच संप्रदायात वाढलेले कपोळ बनिया होते. त्यांचा जन्म १८३२ चा आणि शिक्षण एल्फिन्स्टन संस्थेतले. विधवाविवाहावर निबंध लिहिला म्हणून ज्या घरी राहत होते तिथून त्यांना बाहेर पडावे लागले. १८५५ मध्ये त्यांनी ‘सत्यप्रकाश’ हे गुजराती साप्ताहिक सुरू केले. १८६० मध्ये सुरतेहून जदुनाथजी ब्रिजरतनजी महाराज मुंबईत आले. विधवाविवाहाच्या प्रश्नावर गुजराती कवी नर्मद यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झाला आणि संप्रदायाची बाजू मांडण्यासाठी एक नियतकालिकही निघू लागले. अशा रीतीने छापील वादाला छापील उत्तर देण्याची पद्धत महाराजांच्या बाजूनेही स्वीकारली गेली होती, ही गोष्ट पुढे न्यायालयात दुर्लक्षित राहिली नाही.

मूळ लेख

२१ ऑक्टोबर १८६० च्या ‘सत्यप्रकाश’मध्ये हिंदूंचा मूळ धर्म आणि सध्याचे पाखंडी पंथ या आशयाच्या शीर्षकाचा लेख आला. लेखाची रचना नीट पाहिली पाहिजे, कारण पुढचा सगळा कज्जा त्या रचनेभोवती फिरला. पहिल्या भागात धर्मचिकित्सा होती : वेद प्राचीन आहेत, कलियुगात नवे पंथ निघतील असे पुराणेच सांगतात, वल्लभ संप्रदाय तसाच उशिराचा आहे, म्हणून तो मूळ धर्म नव्हे. हे मत होते. ते कोणाला पटो वा न पटो, त्याला पुरावा लागत नाही.

दुसरा भाग वेगळ्या जातीचा होता. संप्रदायातील एका टीकाग्रंथात तन, मन आणि धन गुरूला अर्पण करण्याचा जो उपदेश आहे त्याचा आधार घेऊन महाराज लोक आपल्या स्त्री भक्तांशी अनैतिक संबंध ठेवतात, असा आरोप लेखाने केला. आणि तो करताना जदुनाथजी महाराजांना नाव घेऊन, थेट संबोधून जाब विचारला. हे विधान वस्तुस्थितीचे होते. ते खरे किंवा खोटे ठरू शकणारे होते आणि एका जिवंत, नामनिर्दिष्ट माणसाविषयीचे होते. पत्रकारितेत या दोन भागांची सरमिसळ रोज होते. रागाच्या भरात लिहिताना मत कुठे संपले आणि आरोप कुठे सुरू झाला याची रेषा लेखकाला दिसत नाही, पण वादीच्या वकिलाला ती पहिल्या वाचनात दिसते.

दावा आणि कैफियत

जदुनाथजींनी १४ मे १८६१ रोजी संपादक करसनदास आणि मुद्रक नानाभाई रुस्तमजी राणीना या दोघांविरुद्ध पन्नास हजार रुपयांच्या नुकसानभरपाईचा दावा दाखल केला. त्या काळी ही रक्कम एखाद्या साप्ताहिकाला कायमचे मिटवून टाकण्याइतकी होती. मुद्रकालाही प्रतिवादी केले गेले, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. मजकूर ज्याने लिहिला त्याच्याइतकाच तो ज्याने छापला तोही कायद्याच्या कक्षेत येतो.

प्रतिवादींसमोर मार्ग अनेक होते. दिलगिरी छापून प्रकरण मिटवता आले असते. लेख संपूर्ण पंथाविषयी होता, व्यक्तीविषयी नव्हता, असे म्हणता आले असते; परंतु नाव छापल्यामुळे ते टिकले नसते. आपल्या वाचकवर्गाच्या हिताच्या विषयावर सद्भावनेने लिहिण्याचा संपादकाला विशेषाधिकार आहे, असा बचाव घेता येत होता आणि तो घेतलाही गेला. त्याच्या जोडीला त्यांनी सर्वांत अवघड मार्ग निवडला : लेखातील आरोप खरे आहेत, असे कैफियतीत स्पष्ट लिहून दिले.

हा मार्ग अवघड का, हे नीट समजून घ्यायला हवे. इंग्लंडच्या सामान्य कायद्यानुसार, आणि दिवाणी दाव्यांमध्ये आपल्याकडे आजही, बदनामीकारक मजकूर खोटा आहे असे गृहीत धरून खटला सुरू होतो. वादीला आपले चारित्र्य सिद्ध करावे लागत नाही, प्रतिवादीला आपला आरोप सिद्ध करावा लागतो. शिवाय सत्यतेचा बचाव घेतला आणि तो फसला, तर न्यायालयात तोच आरोप दुसऱ्यांदा केला म्हणून नुकसानभरपाईची रक्कम वाढण्याची शक्यता असते. म्हणजे या बचावाला मधला मुक्काम नाही. त्यातही एक अट अशी की बचाव आरोपाइतकाच रुंद असावा लागतो. ‘महाराज लोक साधारणपणे अनैतिक असतात’ एवढे सिद्ध करून चालणार नव्हते, कारण लेखाने जदुनाथजींचे नाव घेतले होते. सिद्ध करायचे होते ते जदुनाथजींविषयीच.

महाराजांच्या वतीने बेली आणि स्कोबल हे बॅरिस्टर उभे होते, तर प्रतिवादींच्या वतीने ॲन्स्टी आणि डनबार. हा धर्माचा विषय आहे, त्यात न्यायालयाने शिरू नये, असा सूर वादीच्या बाजूने वारंवार लावला गेला. हा युक्तिवाद मला मुळातच दुबळा वाटतो. दावा महाराजांनीच दाखल केला होता. न्यायालयाकडे येऊन पन्नास हजार मागायचे आणि त्याच न्यायालयाने आपल्या आचरणाकडे पाहू नये असेही म्हणायचे, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत.

साक्षीदारांचा प्रश्न

या प्रकरणाचे मर्म मला इथे दिसते. आरोप खरा होता असे धरले, तरी तो ठाऊक असलेली माणसे कोण होती? तीच, ज्यांची पेढी, सोयरीक, जेवणावळ आणि स्मशानातला खांदासुद्धा जातीच्या हाती होता. बाहेरचा माणूस निर्भयपणे बोलू शकतो, पण त्याला आतले माहीत नसते. आतल्या माणसाला माहीत असते, पण त्याने तोंड उघडले तर त्याच्या मुलीचे लग्न कोण करणार? बलाढ्य माणसाविरुद्धच्या प्रत्येक बदनामीच्या दाव्यात हा पेच असतो. तेव्हा जात होती, आज बहुधा नोकरी, पक्ष किंवा कंत्राट असते.

सप्टेंबर १८६१ मध्ये, दाव्याची सुनावणी सुरू होण्यापूर्वीच, भाटिया समाजातील प्रमुखांची सभा भरली आणि महाराजांविरुद्ध साक्ष देईल त्याला वाळीत टाकावे असे ठरले. करसनदासांनी ही गोष्ट मुकाट्याने सोसली नाही. साक्षीदारांना धमकावून न्यायाच्या कामात अडथळा आणण्याचा कट केल्याबद्दल त्यांनी नऊ भाटियांविरुद्ध फौजदारी तक्रार केली. डिसेंबर १८६१ मध्ये सर जोसेफ आर्नोल्ड यांच्यापुढे हा ‘भाटिया कट खटला’ चालला, आरोपी दोषी ठरले आणि त्यांना दंड झाला. त्यांतील दोन मुख्य आरोपींना प्रत्येकी एक हजार रुपये.

इतिहासाच्या पुस्तकांत हा खटला मुख्य खटल्याची प्रस्तावना म्हणून दोन ओळींत आटोपतो. मला तो पायाचा दगड वाटतो. दंडाची रक्कम त्या धनाढ्य मंडळींना जड नव्हती, परंतु जातीचा ठराव हा न्यायालयाच्या वर नाही, हे शहरभर समजले. साक्षीदाराच्या मनातली भीती त्यामुळे नाहीशी झाली नसेल, पण तिचे वजन घटले. हा निकाल त्या वेळी लागला नसता तर पुढे प्रतिवादीच्या बाजूने जी माणसे उभी राहिली, त्यांतली किती राहिली असती याविषयी मला दाट शंका आहे. सत्यतेचा बचाव साक्षीदाराच्या पिंजऱ्यात सिद्ध व्हायचा असतो, पण तो बहुधा साक्षीदाराच्या घराच्या उंबरठ्यावर हरतो. करसनदास आणि ॲन्स्टी यांना हे उमगले होते आणि त्यांनी मूळ दाव्याच्या आधी उंबरठा सुरक्षित करून घेतला.

सुनावणी

२५ जानेवारी १८६२ रोजी सरन्यायाधीश सर मॅथ्यू सॉसे आणि न्यायमूर्ती सर जोसेफ आर्नोल्ड यांच्यापुढे सुनावणी सुरू झाली आणि ४ मार्चपर्यंत चालली. फोर्टातील ज्या जुन्या ॲडमिरल्टी हाउसमध्ये, म्हणजे आजच्या ग्रेट वेस्टर्न बिल्डिंगमध्ये, तेव्हा सुप्रीम कोर्ट बसत असे, तिथे गर्दी लोटू लागली. वादीच्या बाजूने एकतीस आणि प्रतिवादीच्या बाजूने तेहेतीस साक्षीदार तपासले गेले. ज्यूरी नव्हती, तथ्य आणि कायदा दोन्ही न्यायाधीशांनीच ठरवायचे होते.

वादीच्या अनेक साक्षीदारांचा सूर एकच होता : आम्ही मंदिरात नित्य जातो, आम्ही असे कधी पाहिले नाही, ऐकले नाही. ही साक्ष प्रामाणिकही असू शकते, पण तिची ताकद मर्यादित असते. दहा जणांनी पाहिले नाही म्हणून अकराव्याने पाहिलेले खोटे ठरत नाही. ॲन्स्टी यांनी उलटतपासणीत याच मर्मावर बोट ठेवले. ज्यांची श्रद्धा महाराजांना देवाचा अंश मानण्याची आहे, त्यांनी ‘ऐकले नाही’ म्हणणे आणि तीच गोष्ट बाजारात सर्वतोमुखी असणे, यांतील विसंगती त्यांनी उघडी पाडली.

प्रतिवादींनी पुरावा तीन दिशांनी आणला, आणि या तीन दिशा एकमेकींना आधार देत होत्या. पहिली, ग्रंथांची. पाद्री जॉन विल्सन यांनी संप्रदायाच्या ग्रंथांविषयी साक्ष दिली. लेखात दिलेला संदर्भ संपादकाने पदरचा घातलेला नाही, एवढे त्यातून स्पष्ट झाले. दुसरी दिशा आतल्या माणसांची. मथुरादास लवजी आणि लखमीदास खिमजी हे संप्रदायातलेच भाटिया व्यापारी होते. त्यांनी महाराजांच्या घरातील रीतिरिवाज, स्त्रियांची ये-जा आणि स्वतः पाहिलेल्या-जाणलेल्या गोष्टी शपथेवर सांगितल्या. त्यांना कोणी परधर्मी म्हणू शकत नव्हते, कोणी संप्रदायाचा शत्रूही ठरवू शकत नव्हते. मथुरादासांनी तर या आचाराविषयी महाराजांशी पूर्वीच बोलून पाहिले होते. नर्मदही साक्षीला उभे राहिले.

तिसरी दिशा वैद्यकीय, आणि खटल्याचे पारडे तिनेच फिरवले असे मला वाटते. जदुनाथजी स्वतः साक्षीला आले. त्यांनी आरोप नाकारले आणि आपल्याला उपदंशाचा, म्हणजे सिफिलिस या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगाचा, विकार कधी झाला नव्हता असे शपथेवर सांगितले. त्यानंतर डॉ. धीरजराम दलपतराम आणि डॉ. भाऊ दाजी यांच्या साक्षी झाल्या. पेडण्याजवळच्या मांद्रे गावी जन्मलेले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून डॉक्टर झालेले भाऊ दाजी लाड यांना मुंबईकर आज भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाच्या नावावरून ओळखतात. त्या दिवशी ते डॉक्टर म्हणून उभे होते. वादीला तोच विकार होता आणि त्यावर उपचार झाले होते, असे या डॉक्टरांच्या साक्षीतून पुढे आले.

रुग्णाची गोष्ट डॉक्टरने न्यायालयात सांगावी का, हा प्रश्न तेव्हाही अवघड होता. कायद्याने डॉक्टरला मौनाचा अधिकार दिलेला नव्हता आणि विचारले तर उत्तर देणे भाग होते. या साक्षीचा परिणाम दुहेरी झाला. एक म्हणजे संयमी धर्मगुरूच्या प्रतिमेशी विसंगत असे वस्तुनिष्ठ तथ्य नोंदीवर आले. दुसरे, आणि खटल्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे म्हणजे, वादीने शपथेवर केलेले एक विधान तटस्थ तज्ज्ञांनी खोडून काढले. एका मुद्द्यावर शपथ मोडली की बाकीच्या नकारांवर न्यायाधीश कसा विश्वास ठेवणार? एरवी एकांतात घडलेल्या गोष्टींच्या दाव्यात एकाचा शब्द दुसऱ्याच्या शब्दासमोर उभा राहतो आणि पुरावा अडकून पडतो. इथे ती कोंडी डॉक्टरांच्या साक्षीने फोडली.

निकाल

२२ एप्रिल १८६२ रोजी दोन्ही न्यायाधीशांनी स्वतंत्र निकालपत्रे वाचली. सत्यतेच्या मुख्य मुद्द्यावर दोघांचे एकमत झाले : लेखातील आरोपांचा गाभा सिद्ध झाला आहे. संपादकाच्या विशेषाधिकाराविषयी मात्र सरन्यायाधीशांची भूमिका अधिक सावध होती. वृत्तपत्रकार आहे म्हणून एखाद्या व्यक्तीवर असा हल्ला करण्याची मुभा त्याला आपोआप मिळते, हे मान्य करायला ते तयार नव्हते. आर्नोल्ड यांनी वृत्तपत्राचे काम अधिक व्यापक मानले. पत्रकार हा लोकशिक्षक असतो आणि दुष्ट प्रथा उघड्या पाडून त्यांचा निषेध करणे हे त्याच्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक आहे, अशी त्यांची मांडणी होती. आमच्यापुढचा प्रश्न धर्मशास्त्राचा नसून नीतीचा आहे, आणि जे नीतीने चूक आहे ते धर्मशास्त्राने बरोबर असू शकत नाही, हे त्यांच्या निकालपत्रातील सर्वांत गाजलेले विधान.

दोन्ही भूमिका वाचल्यावर मन साहजिकच आर्नोल्ड यांच्या बाजूने झुकते. तरीही वृत्तपत्राच्या दृष्टीने अधिक उपयोगी शहाणपण सॉसे यांच्या सावधपणात आहे, असे मला वाटते. सरन्यायाधीशांनी विशेषाधिकाराचा दरवाजा पुरता उघडला नाही, तरीही प्रतिवादी वाचले. ते वाचले कारण त्यांनी सगळा भार त्या एका दरवाजावर टाकला नव्हता. जनहितासाठी लिहिले, सद्भावनेने लिहिले, हे बचाव न्यायाधीशाच्या दृष्टिकोनावर अवलंबून असतात. सिद्ध झालेले सत्य तसे राहत नाही. दोन भिन्न प्रकृतींचे न्यायाधीश एकाच जागी येऊन भेटले ते पुराव्यापाशी.

आर्नोल्ड यांनी गौरव केला तो प्रतिवादींबरोबर त्यांच्या साक्षीदारांचाही. रूढीच्या डोळ्याला डोळा भिडवून, ज्यांची तिच्यावर श्रद्धा आहे त्यांच्यासमोरच ती असत्य आहे असे सांगण्याचे धाडस या माणसांनी केले, या अर्थाचे त्यांचे उद्गार आहेत. त्यात साक्षीदारांना संपादकाच्या बरोबरीने स्थान आहे आणि ते न्यायाला धरून आहे.

निकालाची मर्यादाही सांगितली पाहिजे. संप्रदायाचा किंवा त्याच्या भक्तिपरंपरेचा हा निवाडा नव्हता. एका विशिष्ट लेखातील आरोप खरे होते का, एवढाच प्रश्न न्यायालयापुढे होता आणि त्याचेच उत्तर मिळाले. दुसरी उणीव मला जास्त बोचते. ज्या स्त्रियांविषयी हे सारे चालले होते, त्यांचा स्वतःचा आवाज निकालपत्रांत ऐकू येत नाही. त्यांच्याविषयी पुरुषांनी सांगितले, पुरुषांनी उलटतपासले आणि पुरुषांनी ठरवले. कोणा स्त्रीला पिंजऱ्यात आणून जातीसमोर उभे केले असते तर तिचे काय झाले असते हे उघड आहे, म्हणून याचा दोष प्रतिवादींना देता येत नाही. पण या विजयाचा विचार करताना ही पोकळी झाकूही नये.

प्रतिवादींना खर्चापोटी साडेअकरा हजार रुपये मंजूर झाले. करसनदासांचा प्रत्यक्ष खर्च त्याहून अधिक, चौदा हजारांच्या घरात गेला होता. दावा जिंकूनही संपादकाच्या पदरी तोटा आला. पुढच्याच वर्षी ते इंग्लंडला गेले आणि समुद्रपर्यटन केले म्हणून जातीबाहेर टाकले गेले. १८७१ मध्ये, चाळिशीही गाठण्यापूर्वी, त्यांचा अंत झाला. ज्या सुप्रीम कोर्टाने हा निकाल दिला ते निकालाच्याच वर्षी, ऑगस्ट १८६२ मध्ये, इतिहासजमा होऊन मुंबई उच्च न्यायालय अस्तित्वात आले.

वीस वर्षांनंतरचे उलट उदाहरण

मराठी वाचकाला या खटल्याशेजारी १८८२ चे कोल्हापूर प्रकरण ठेवून पाहिल्याशिवाय राहवत नाही. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ होतो आहे आणि त्यामागे राज्याचे कारभारी रावबहादूर माधवराव बर्वे आहेत, असे ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी लिहिले. हाती आलेल्या पत्रांवर टिळक आणि आगरकरांनी विश्वास ठेवला होता. बर्वे यांनी फौजदारी फिर्याद केली आणि ती पत्रे बनावट असल्याचे निष्पन्न झाले. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी १७ जुलै १८८२ रोजी दोघांना चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले आणि बाहेर आल्यावर लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले.

या संपादकांची कळकळ करसनदासांपेक्षा तसूभरही कमी नव्हती. छत्रपतींच्या हालांविषयीची त्यांची चिंताही निराधार नव्हती. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८८३ मध्ये, अहमदनगरच्या किल्ल्यात एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत छत्रपतींचा मृत्यू झाला. परंतु बर्वे यांच्यावरील आरोपाला जो कागद आधार म्हणून धरला होता, तोच न्यायालयात कोसळला. महाराज खटल्यात पुराव्याचे तीन स्वतंत्र स्रोत होते, एक निसटला असता तरी दोन उरले असते. कोल्हापूर प्रकरणात सगळे वजन एका स्रोतावर होते. तो कुणाच्या हातून आला आणि मूळ पत्र लिहिणाऱ्याचे अक्षर कुणी ओळखू शकेल, ही चौकशी छपाईच्या आधी व्हायला हवी होती.

या दोन प्रकरणांत कायद्याचाही एक भेद आहे. महाराज खटला दिवाणी होता, तिथे सत्य सिद्ध होणे पुरेसे होते. कोल्हापूर प्रकरण भारतीय दंड संहितेखालचे होते. ही संहिता १ जानेवारी १८६२ पासून, म्हणजे महाराज खटल्याची सुनावणी सुरू झाली त्याच महिन्यात, अमलात आली. तिच्या कलम ४९९ च्या पहिल्या अपवादात नुसते सत्य पुरत नाही; मजकूर खरा असला पाहिजे आणि तो प्रसिद्ध होणे सार्वजनिक हिताचेही असले पाहिजे.

आजची स्थिती

ही दुहेरी चौकट दीडशे वर्षांनंतरही जवळजवळ तशीच आहे. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, कलम ४९९ चे कलम ३५६ झाले, शिक्षेत समाजसेवेचा पर्याय आला, पण पहिल्या अपवादाची सत्य अधिक सार्वजनिक हित ही अट कायम राहिली. २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी बदनामीची तरतूद घटनात्मक ठरवली. दिवाणी बाजूला १९९४ च्या राजगोपाल प्रकरणाने वृत्तपत्रांना थोडा मोकळा श्वास दिला : सरकारी पदावरील व्यक्तीच्या अधिकृत कामाविषयी लिहिले असेल तर केवळ चूक झाली म्हणून भरपाई मिळत नाही, मजकूर खोटा होता आणि सत्याची पर्वा न करता छापला होता, हे वादीला दाखवावे लागते. मात्र ज्याच्याकडे सरकारी पद नाही, पण धर्म, पैसा किंवा संस्थेची अफाट सत्ता आहे, अशा माणसाविरुद्ध लिहिणाऱ्याला ही सवलत मिळत नाही. जदुनाथजी महाराज आज असते तर ते याच वर्गात मोडले असते आणि त्यांच्याविरुद्धच्या संपादकाला आजही १८६२ च्याच वाटेने जावे लागले असते.

म्हणून जिल्ह्याच्या गावी चार पानी साप्ताहिक किंवा मोबाइलवरचे वृत्तसंकेतस्थळ चालवणाऱ्या संपादकाने या खटल्यातून उचलायची गोष्ट व्यावहारिक आहे. मजकूर छापण्याआधी त्यातली मते आणि आरोप निरनिराळे करून पाहावेत. प्रत्येक आरोपासमोर, तो शपथेवर सांगायला कोण उभे राहील त्याचे नाव लिहावे, तो माणूस ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या दबावाखाली येणारा आहे का ते पाहावे, आणि त्या माणसाला स्वतःला भेटून विचारावे की उद्या समन्स आले तर तू येशील का. कागद असेल तर तो कुणाच्या हातून आला याची साखळी शेवटच्या कडीपर्यंत तपासावी. ज्या आरोपासमोरची जागा रिकामी राहील, तो आरोप त्या अंकात जाऊ देऊ नये.